मुनीम राजाला उडी देत नाही

काल बाजारातून घरी येताना पिशवीतल्या भांबुर्ड्याचा वास रिक्षाभर पसरला, तसा रिक्षावाला मागे न बघताच म्हणाला, "पोपटी का, ताई?" मी म्हटलं, "शनिवारी." तर म्हणतो, "वास दिलात, आता आमंत्रणही द्या की." एरवी हाच माणूस वळणावर गाडी न्यायला कटकट करतो. काल थेट गेटच्या आत आणून सोडलं.

पोपटी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांची मला मनापासून कीव येते, तरी सांगते. थंडीत आमच्या पनवेल-उरणच्या बाजूला वालाच्या शेंगा भरतात. मग शेतावर मातीचं मडकं न्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, चालत असेल त्यांना मसाला लावलेली कोंबडी, मधूनमधून ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवून द्यायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. भांबुर्डा हे रस्त्याकडेचं रानटी झुडूप, वर्षभर त्याला कुणी विचारत नाही आणि जानेवारीत मात्र त्याच्या जुड्या भाजीवालीकडे ऐटीत बसलेल्या असतात. त्याचा वास कसा असतो ते विचारू नका. मला आजवर सांगता आलेलं नाही. हाताला लागला की दुसऱ्या दिवशी पतपेढीत माझ्या शेजारच्या टेबलापर्यंत जातो, एवढं खरं.

इतरांना या वासाबरोबर शेत आठवत असेल, चूल आठवत असेल. मला एक आवाज ऐकू येतो. टुंक.

टीव्हीच्या शेजारी ठेवलेल्या बुद्धिबळाच्या यंत्राचा तो आवाज. चुकीची चाल केली की ते टुंक करतं. बीप नाही, टिंग नाही. नाक मुरडल्यासारखं, टुंक. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा मी हा आवाज ऐकत वालाच्या शेंगा निवडल्या आहेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, थोडक्यात निभावलं. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात तेवढा रुसून बसला. जासईजवळच्या गावातून त्यांना मी माझ्याकडे, नवीन पनवेलला आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे बाबांना कोण संकोच! "जावयाच्या घरी किती दिस र्‍हायाचं?" हे रोज सकाळी चहाबरोबर ऐकायचं. सुधीर, म्हणजे माझा नवरा, बिचारा म्हणायचा, "बाबा, घर कर्जावर आहे, माझं अजून झालेलंच नाही. बिनधास्त राहा." तेव्हा कुठे हसायचे.

त्याच उजव्या हाताने बाबांनी ऐन तारुण्यात मिठागरात मीठ ओढलेलं. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे कंटेनरचे डोंगर उभे राहिले. पण हात तसाच राहिला होता, रुंद, खरखरीत. पाठीवर थाप मारली तर मी अजूनही एक पाऊल पुढे जायची. तो हात आता मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडलेला बघवत नसे. फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, गोड होती. तिने रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाली. बाबांनी तो खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला दिला. मग तिने कपड्याचे चिमटे दिले, दोरीवर लावा आणि काढा. "मना काय बालवाडीत घातलंय काय?" एवढं बोलून बाबा बाल्कनीत तोंड फिरवून बसले.

हाताचं दुःख होतंच, पण त्याखाली अजून एक होतं. बुद्धिबळ. बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, आमची अनसूआत्या, लहानपणापासून खेळत आलेले. आत्या गावातच दोन घरं पलीकडे राहते, विधवा, जबरदस्त आवाजाची, गळ्यात ठसठशीत सोनं. संध्याकाळी तिच्या ओट्यावर डाव पडायचा आणि त्या दोघांची भांडणं ऐकायला लोक दूध आणायला म्हणून मुद्दाम तिथून जायचे. आणि पोपटीला तर आमच्याकडे रीतच होती. मडकं पेटवलं की ते शिजेपर्यंत शेतावरच भावाबहिणीचा डाव. जो जिंकेल त्याने मडकं उघडायचं, पहिली शेंग त्याची. झटका आल्यापासून मात्र बाबा आत्याचा फोनसुद्धा घेईनात. फोन वाजला की खुणेने सांगायचे, झोपलाय म्हन. मी एकदा चिडलेच. "अहो, ती काय परकी आहे?" तर हळूच म्हणाले, "मोहरा उचलला का हातातून पडतोय गो. तिच्या म्होरं नाय पाडायचा."

मग मी ठरवलं, घरातच कोणीतरी खेळायला आणू. सुधीर खेळतो, पण तो सासऱ्यांशी मुद्दाम हरतो आणि बाबांना ते लगेच कळतं. मोबाईलवर प्रयत्न केला. बाबांचं बोट घोड्यावर ठेवलं की हलायचा उंट, आणि दर डावाला मधेच एक बाई येऊन रमी खेळा म्हणायची. बाबांनी मोबाईल परत दिला. "हिला सांग, घरी जा."

तेव्हा दुकानं पालथी घातली. बुद्धिबळाचं यंत्र निवडणं म्हणजे मिक्सर निवडण्यासारखं असेल अशी माझी कल्पना. छे! एका दुकानात मुलाने असा पट दाखवला की त्यावरचे मोहरे आपले आपण सरकत होते. कोणी हात लावत नाही आणि वजीर निघाला तरातरा. सुधीरचे डोळे एवढाले झाले. "घेऊया ना, काय भारी आहे!" मी म्हटलं, बाबा पहिल्या चालीला भगताला बोलावतील आणि लिंबू उतरवून टाकतील. दुसरं यंत्र बाईच्या आवाजात इंग्रजी बोलत होतं, फार मंजूळ. बाबांनी तिला बसायला सांगितलं असतं, चहा विचारला असता. आणि तिसरं एक होतं मागच्या फळीवर, धूळ बसलेलं, जुन्या धाटणीचं. त्यात मोहरा ज्या घरात आहे ते घर आधी मोहऱ्यानेच दाबायचं, मग उचलून नव्या घरात ठेवून परत दाबायचं. यंत्राची चाल आली की कडेचे बारीक दिवे लागतात आणि त्याचाही मोहरा आपणच तसा दाबून हलवायचा. मी घरं दाबून बघितली. चांगलीच कडक होती, अंगठ्याला जोर लागत होता.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे नका घेऊ. टच हार्ड आहे. लोक परत आणतात."

"याहून कडक आहे का?" मी विचारलं.

त्याने सुधीरकडे बघितलं. सुधीरने नुसते खांदे उडवले. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेला माणूस आहे, कुठे बोलायचं नाही ते त्याला कळतं. मला मात्र त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. चिमटे नको, चेंडू नको, इथे बाबांना प्रत्येक चालीला दाबावं लागणार होतं, आणि स्वतःचीच नाही, समोरच्याचीही चाल!

ही मेख बाबांच्या पहिल्याच डावात लक्षात आली. "म्हंजे त्यानं हुकूम सोडायचा आनि मी हमाली करायची? आमच्या मिठागरातला मुनीम असाच होता. जाग्यावर बसून बोट दाखवायचा." झालं, त्या दिवसापासून यंत्राचं नाव मुनीम. जेवण झालं की हाक यायची, "वैशू, मुनीमला लाव गो." मग वायर लावायची, बटण दाबायचं, आणि घरात शांतता. मधूनच टुंक.

पहिल्या दिवशी मी खेळाची पातळी बदलायलाच विसरले. दुकानातल्या मुलाने ती सगळ्यात वर ठेवली होती. मुनीमने बाबांना असं धुतलं की चहा निवायच्या आत डाव खलास. मग सुधीरने गुपचूप पातळी अगदी खाली आणली. दुसऱ्या दिवशी मुनीमने हत्ती बाबांच्या तोंडात आणून ठेवला. बाबांनी तो खाल्ला नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मुनीम आज आजारी हाय काय? का कोनी त्याचे कान पिळले? मना फुकटचा हत्ती नको." सुधीर पेपरात तोंड घालून बसला. शेवटी मधली एक पातळी सापडली जिथे मुनीम कधी मारायचा, कधी मार खायचा. माणसासारखा. आणि तिथे बाबा रमले.

पण भांडणं काही कमी झाली नाहीत. बाबा गावच्या नियमांनी खेळणारे. त्यांचं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. मुनीमचं प्यादं दोन घरं उडी मारून आलं की बाबा त्याला दम भरायचे. किल्लेकोट तर त्यांना ठाऊकच नव्हता. मुनीमने पहिल्यांदा राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायला सांगितले, तेव्हा बाबांनी हातच आखडता घेतला. "दोन मोहरे एका टायमाला? चोर हाय ह्यो! मी नाय हलवनार." मी माहितीपत्रक वाचून दाखवलं, जगभर असंच खेळतात म्हणून पटवलं. "जगाला म्हनावं, जासईला ये." पण हलवला.

आणि मग ती राजाची उडी. गावच्या खेळात राजाला एक सवलत असते. अजून एकदाही शह बसलेला नसेल, तर पूर्ण डावात एकदा, फक्त एकदा, राजा घोड्यासारखा अडीच घरं उडू शकतो. बाबांचा सगळा खेळ त्या एका उडीवर उभा. अनसूआत्या सांगते, कधी उडेल ह्याचा नेम नाही, म्हणून समोरच्याने सतत धास्तीत राहायचं. बाबांनी एका दुपारी राजा दाबला, ओढत ओढत तिकडे नेला, दाबला. टुंक. परत दाबला. टुंक. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. टुंक, टुंक, टुंक. बाहेर येऊन म्हटलं, "अहो बाबा, त्याला ती चाल माहीतच नाही. त्याच्या नियमांत राजा एकच घर चालतो."

"कायम?"

"कायम."

बाबांना खरंच वाईट वाटलं. यंत्राकडे बघत म्हणाले, "काय गो ह्याच्या गावातला राजा. जन्मल्यापासून म्हातारा."

त्या दुपारी मला दुसरंच दिसलं. बाबा मोहरे उचलत नव्हते, सरकवत होते. हाताच्या कडेने, ढकलत. हत्ती सरकतो, उंट सरकतो, प्यादीही सरकतात. घोडा सरकवता येत नाही, तो दुसऱ्यांच्या डोक्यावरून न्यावा लागतो. मुनीमचा घोडा ते डाव्या हाताने न्यायचे, पण स्वतःच्या मोहऱ्यांना तो हात लावायचे नाहीत, म्हणून बाबांचे दोन्ही घोडे डावभर आपल्या जागी उभे. मागचे सगळे डाव मला आठवले. हा माणूस घोड्यांशिवाय खेळत होता, त्यातही मुनीमला अधूनमधून हरवत होता, आणि आम्हाला कळू देत नव्हता. "घोडे का नाही काढत?" मी विचारलं. "थकलेत," म्हणाले.

मी परत शेंगा निवडत बसले. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा बसले. आणि खरं सांगायचं तर मुनीमचं मला तिथेच कौतुक वाटलं. तो विचारत नाही. मोहरा पडला तर तो च्च करत नाही, उचलून देत नाही, तोंड पाडून बघत नाही. दिवे लावून थांबतो. अर्धा तास लावा, तो थांबतो. आपल्या माणसांना हे जमत नाही. आपली माणसं लगेच हात पुढे करतात, आणि तो पुढे केलेला हात बाबांना सहन होत नव्हता.

संक्रांत झाल्यावर एक दिवस पतपेढीतून आले तर डाव अर्धवट मांडलेला आणि बाबा बाल्कनीत. पटावर एक घोडा बाहेर आलेला होता. बाजूची दोन प्यादी आडवी पडली होती, पण घोडा बाहेर होता. मी बॅगसुद्धा खाली न ठेवता उभी राहून त्या घोड्याकडे बघत बसले. मग दुसरा निघाला. मग एका प्याद्यापेक्षा जास्त पडेनासं झालं. घरं कडक होती म्हणून बोटं कुरकुरायची, रात्री मी तेल चोळून द्यायची. फिजिओवाली मुलगी एकदा डाव बघायला बसली आणि मला आत बोलावून म्हणाली, "काकू, हे मशीन कुठे मिळालं?"

इकडे आत्याचे फोन सुरूच. "झोपलेत" म्हणून म्हणून मी कंटाळले होते. ती काय दुधखुळी आहे? "दुपारचा, रातचा, कवा बी झोपलेला? आनि ते तुझ्या घरात काय वाजतंय गो टुंक टुंक? नळ गळतोय काय?" मी सांगून टाकलं, बाबा यंत्राशी बुद्धिबळ खेळतात, चुकीच्या चालीला ते टुंक करतं. आत्या म्हणाली, "फोन मोठ्यानं लाव." मी लावला. "दादा, आयकतोयस ना? मना सोडून तू डब्यासंगं खेळतोस? शनिवारी पोपटी हाय. मडकं घेतलंय. ह्या टायमाला तू नाय आलास तर मी समजंन घाबरलास, आनि गावभर सांगंन." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं, आता बाबांचा गुडघा दुखेल नाहीतर पोट. शनिवारी सकाळी बघते तर इस्त्रीचा सदरा घालून, टोपी घालून तयार. मी यंत्र पिशवीत भरायला लागले. "त्याला कशाला घेतेस? तिथं हत्तीनं शिंकलं तरी टुंक करंल."

आमच्या शेताचा उरलेला तुकडा एवढासा आहे. कुंपणापलीकडे कंटेनर एकावर एक रचलेले, लाल, निळे, गंजके, आणि ट्रेलर दिवसभर घरघरत असतात. मडक्यात शेंगा आत्याने भरल्या. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, उजवा हात शालीखाली. "मीठ कमी टाकलंस." "पाला दाबून भर." आत्या म्हणाली, "लय मुनीमगिरी करू नकोस." कुणीतरी तिला नाव सांगितलं असणार. कोणी ते मी सांगणार नाही.

ऊन कलायला लागलं, मडकं पेटलं, आणि आत्याने पट मांडला. तोच जुना लाकडी, कडेला फुटलेला, एका प्याद्याच्या जागी चिंचोका. बाबा डाव्या हाताने खेळायला लागले. चार-पाच चाली झाल्यावर आत्याने मान वर केली. "डाव्या हातानं खेळून हरवनार मना? एवढी कमी समजतोस?" सगळे हसले. मी नाही हसले. माझं लक्ष शालीत.

आत्या खेळायला जात्याच दुष्ट आहे, भावाचा हात बघून दया करणाऱ्यातली नाही. तिचा वजीर घुसला, उंट येऊन बसला, आणि मला एवढं तरी कळतं की पुढच्या चालीला शह होता. शह बसला की राजाची उडी गेली. बाबांचा राजा प्याद्यांच्या दाटीत उभा, चिंचोका अगदी त्याच्या पुढ्यात. सरकायला वाट नव्हती. त्यातून बाहेर पडायचं तर वरूनच.

बाबांनी शाल बाजूला केली. उजवा हात पुढे आला. त्यांनी राजा धरला. दाबायची सवय लागलेली, म्हणून आधी जागच्या जागी दाबला, आणि मग उचलला. सुधीर नकळत पुढे झाला, मी त्याचा शर्ट मागून ओढला. राजा प्याद्यांच्या डोक्यावरून गेला, हळू, मधे एकदा इतका हलला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो अडीच घरांवर उभा होता आणि बाबा त्याला अंगठ्याने खाली दाबत होते. एकही प्यादं पडलं नव्हतं. चिंचोकासुद्धा नाही.

आत्या पटाकडे बघते आहे, मग त्या हाताकडे, मग पुन्हा पटाकडे. तिचे डोळे भरले होते, धुराने असतील नाहीतर नसतील. आणि मग तिने नाक वर केलं आणि मोठ्याने म्हणाली, "टुंक!"

बाबा इतके हसले की टोपी पडली. मी तर रडले बाई सरळ, आवाज करून. लपवायचं काय त्यात?

डाव आत्याच जिंकली. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शिजलं. रीतीप्रमाणे मडकं तिने उघडायचं. ती म्हणाली, "मना धूर लागतोय, दादा तू उघड." आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला म्हणे धूर लागतो! बाबांनी दोन्ही हातांनी फडक्यात धरून मडकं उलटलं आणि पहिली शेंग उजव्या हाताने तिच्या हातावर ठेवली. शेंग खारट होती. मीठ कमी अजिबात नव्हतं.

बाबा अजून माझ्याकडेच आहेत. किती दिवस राहायचं ते रोज विचारतात, जात नाहीत. शनिवार-रविवार गावाला जाऊन आत्याशी भांडून येतात, बाकीचे दिवस मुनीम. आणि हल्ली एक गंमत करतात. प्रत्येक डावात एकदा, कधीतरी मधेच, राजा उचलतात आणि अडीच घरांवर नेऊन दाबतात. मुनीम टुंक करतो. बाबा म्हणतात, "बरं बाबा," आणि राजा परत ठेवतात. मी एकदा विचारलं, "तो देणार नाही हे माहीत आहे, तरी कशाला?" म्हणाले, "विचारायला काय जातंय? एक दिस हो म्हनंल."

आज दुपारी मी भांबुर्ड्याच्या जुड्या धुऊन निथळत ठेवत होते तेव्हा आत्याचा फोन आला, शनिवारच्या पोपटीचा. शेंगा किती, मडकं कोणाचं, सगळं बोलून झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, "दादा काय करतोय?"

मी ओल्या हाताने फोन हॉलच्या दिशेने धरला.

टुंक.

"बरा हाय म्हंजे," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला.